बोल्टची डोकी पुन्हा पुन्हा गोल का होतात? दोष शोधणे आणि त्यासाठी योग्य सॉकेट घडवणे

इंदूरच्या सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि पालदा या औद्योगिक भागांत देखभालीचे काम करणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. यंत्र तेच असते, बोल्टही त्याच जागेवरचे असतात, आणि काही वेळा खोलणे-बसवणे झाले की त्यांच्या डोक्यांचे कोपरे गोल होऊन सॉकेट, म्हणजे पान्याची डोक्यावर बसणारी पोकळ टोपी, कारखान्यात जिला सर्रास गोटी म्हणतात ती, नुसतीच फिरू लागते. बोल्ट बदलला जातो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच घडते. डाळ मिलमधील चाळण्यांच्या बेअरिंगवरची झाकणे, डाळ घासणाऱ्या एमरी रोलची आवरणे, नमकीनच्या कारखान्यातील कन्व्हेयरचे ताणाचे बोल्ट अशा वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जागी हा दोष अधिक दिसतो. त्याचे खापर बहुतेक वेळा बोल्टच्या मऊ मालावर फोडले जाते, किंवा पान्याला पाइप लावणाऱ्या कारागिरावर. ही कारणे कधी कधी खरीही असतात. परंतु दोष त्याच जागी परत परत उद्भवत असेल, तर सॉकेट आणि डोके यांच्यातील मोकळीक, सॉकेट डोक्यावर किती खोल बसते आणि बळ डोक्याच्या नेमक्या कोणत्या भागावर येते, हे आधी तपासावे असे माझे मत आहे.

समोर अडकलेला बोल्ट काढल्याशिवाय पुढचे काही करता येत नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. एम १२, म्हणजे १२ मिमी व्यासाच्या आट्यांच्या, बोल्टचे १८ मिमीचे डोके गोल झाले असेल, तर ११/१६ इंची, म्हणजे १७.४६ मिमीचे, सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून त्यावर बसवावे. ते उरलेला धातू थोडा कापत घट्ट बसते आणि बहुधा काम होते. यासाठी जुने, टाकाऊ सॉकेटच घ्यावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण कठीण पोलादाची कपची उडू शकते. एवढ्यानेही सुटले नाही, तर डोक्यावर एक नट ठेवून त्याच्या छिद्रातून आत वेल्डिंग करावे. त्यात जोडाइतकाच उपयोग उष्णतेचा होतो, कारण आट्यांतला गंज तिने मोकळा होतो. मात्र बेअरिंगच्या आसपास वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लॅम्प त्याच भागावर, बोल्टच्या अगदी जवळ लावावा. करंट बेअरिंगमधून गेला तर त्याच्या धावेवर डाग पडतात आणि बोल्ट वाचवताना बेअरिंग जाते.

काढलेला बोल्ट भंगारात टाकू नये, कारण दोषाचा सर्वांत चांगला पुरावा त्याच्या डोक्यावर असतो.

डोक्यावरच्या खुणा कशा वाचाव्यात

प्रथम झीज आवळताना झाली की सोडवताना, हे ठरवावे. डोक्याकडे वरून पाहावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बोट फिरवावे. प्रत्येक सपाट बाजूचे शेवटचे टोक दबलेले असेल, तर नेहमीच्या उजव्या आट्यांच्या बोल्टवर ती झीज आवळतानाची आहे. सुरुवातीचे टोक दबलेले असेल, तर सोडवतानाची. ही साधी तपासणी फारसे कोणी करत नाही, पण तिने शोधाची दिशाच बदलते. झीज आवळतानाची असेल, तर जोर प्रमाणाबाहेर लागत आहे किंवा इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देत बोल्ट फिरवणारे यंत्र, सैल सॉकेटसह चालवली जात आहे. झीज फक्त सोडवतानाची असेल, तर बोल्ट आट्यांत धरत आहे, आणि मग सॉकेट कितीही चांगले घडवले तरी मूळ दुखणे आट्यांतच राहील.

त्यानंतर झीज डोक्याच्या उंचीत कुठे आहे, ते पाहावे. सहाही कोपरे वरपासून खालपर्यंत सारखे झिजले असतील, तर सॉकेट पुरेसे खोल बसले होते, परंतु ते सैल होते. फक्त वरचे दोन-तीन मिलिमीटर झिजले असतील, तर सॉकेट पुरते बसतच नव्हते. एम १२ च्या डोक्याची उंची अवघी ७.५ मिमी असते. बाजारातील पुष्कळ सॉकेटांच्या तोंडाशी आत शिरणे सोपे व्हावे म्हणून चांगली मोठी उतरती कड दिलेली असते, आणि ती दोन मिलिमीटर खोल असली तरी पकडीचा चौथ्याहून अधिक भाग तिथेच जातो. त्यात डोक्याखाली रंगाचा जाड थर, वेल्डिंगचा उडालेला थेंब किंवा कास्टिंगची कड आडवी आली, की प्रत्यक्षात डोक्याचा वरचा निम्मा भागच पकडीत राहतो. नटाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते: नटातून वर आलेले बोल्टचे टोक सॉकेटच्या तळाला टेकते आणि सॉकेट वरच अडते. तेथे लांब सॉकेट वापरण्याला पर्याय नाही.

झीज तिरपी असून समोरासमोरच्या दोन-तीन कोपऱ्यांवरच जास्त असेल, तर सॉकेट कलले होते. लांब एक्स्टेंशन (जोडदांडी) आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) यांची जोडी लावून, दुसऱ्या हाताचा आधार न देता ओढल्यास असेच होते. याचा उपाय सॉकेटच्या रचनेत नसून मांडणीत आहे: जॉइंट शक्य असल्यास काढावा आणि एक्स्टेंशनच्या माथ्यावर हात ठेवून अक्ष सरळ धरावा.

अठरा, एकोणीस आणि सतरा

सैलपणाचे सर्वांत सामान्य कारण आपल्या बाजारातच दडलेले आहे. जुन्या जर्मन मानकाप्रमाणे बनलेल्या एम १२ बोल्टच्या डोक्याला १९ मिमीचा पाना लागतो, तर सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १८ मिमीचा. एम १० साठी हेच आकडे १७ आणि १६ असे आहेत. जपानी यंत्रांवर एम १२ चे डोके १७ मिमीचे आणि एम १० चे १४ मिमीचे आढळते. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या सुट्या बोल्टांत ही मापे सहज मिसळून येतात, कारण मागणी "एम १२, ४० लांब" एवढीच केलेली असते आणि आटे सर्वांचे सारखेच बसतात. मग यंत्रावर शेजारी शेजारी १८ आणि १९ ची डोकी येतात, आणि कारागीर स्वाभाविकपणे दोन्हींवर चालणारे एकच सॉकेट, म्हणजे १९ चे, हातात घेतो.

इंची मापांत ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे ते १९ च्या जागी बिनधोक चालते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चे सॉकेट सैल पडते. कापड गिरण्यांच्या काळातील विलायती यंत्रे काही ठिकाणी अजून चालू आहेत, आणि त्यांवरच्या व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांच्या, बोल्टांची तर वेगळीच कथा आहे. अर्धा इंची व्हिटवर्थ नट जुन्या पद्धतीत सुमारे २३.४ मिमीचा असे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलाद वाचवण्यासाठी डोकी एका मापाने लहान केली गेल्यावर त्याच आट्यांचा नट सुमारे २०.८ मिमीचा झाला. अशा यंत्रावर मोजल्याशिवाय हात घालूच नये.

मोजताना व्हर्नियरने दोन मापे घ्यावीत: समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील अंतर. चांगल्या प्रतीच्या १८ मिमीच्या डोक्यात पहिले १७.७३ मिमीपेक्षा आणि दुसरे २०.०३ मिमीपेक्षा कमी असू नये. दुसरे माप भरत नसेल, तर डोके फोर्जिंगमध्येच, म्हणजे दाबून घडवतानाच, अपुरे भरले आहे, आणि असा माल परत करावा. सॉकेट मात्र दोन ठिकाणी मोजावे, तोंडाशी आणि आत. तोंडाशी माप जास्त आणि आत कमी निघाले, तर तोंड फुलले आहे आणि ते सॉकेट कामातून गेले आहे.

एक मिलिमीटरने एवढे काय बिघडते?

आदर्श षट्कोन धरून हिशोब केला, तर १८ च्या डोक्यावर १८.२५ मिमीचे सॉकेट सुमारे दीड अंश मोकळे फिरून कोपऱ्याला टेकते. १९ चे सॉकेट सुमारे सहा अंश फिरून टेकते. सहा अंश म्हणजे फार नाही, असे वाटू शकते. परंतु सॉकेटची भिंत कोपऱ्यावर जो दाब देते, तो भिंतीला काटकोनात असतो, आणि त्यातला थोडाच भाग फिरवण्याच्या कामी येतो. नीट बसणाऱ्या सॉकेटमध्ये एकूण दाबाचा निम्म्याहून थोडा कमी भाग बोल्टला फिरवतो आणि सुमारे ८८ टक्के सॉकेटला बाहेरच्या बाजूला फाकवतो. (दोन्ही मिळून शंभराच्या वर जातात, कारण हे बळाचे एकमेकांना काटकोनात असलेले घटक आहेत.) १९ च्या सैल सॉकेटमध्ये फिरवणारा भाग सुमारे ४० टक्क्यांवर येतो आणि फाकवणारा ९१ टक्क्यांवर जातो.

आकड्यांत सांगायचे, तर ८.८ प्रतीचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) एम १२ बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटर पिळाने (टॉर्कने) आवळतात. त्यासाठी १८.२५ च्या सॉकेटमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे २७० किलो भार येतो, तर १९ च्या सॉकेटमध्ये सुमारे ३२०. गंजलेला बोल्ट सोडवताना याच्या दुपटीने पिळ लागू शकतो. शिवाय हा भार डोक्याच्या अगदी टोकावर येतो, आणि तिथे धातूला मागून आधार सर्वांत कमी असतो. टोक थोडे दबले की मोकळीक वाढते, मोकळीक वाढली की बळाची भुजा आणखी आखूड होते आणि त्याच पिळासाठी दाब आणखी वाढतो. म्हणूनच डोके गोल होण्याची क्रिया आधी हळू आणि मग एकदम होते. तोवर धरून राहिलेले सॉकेट अचानक सुटते आणि कारागिराची बोटे शेजारच्या गार्डवर आपटतात.

बारा कोनी सॉकेट, ज्याला दुकानदार बायहेक्स म्हणतात, तेही सपाट बाजूला न टेकता टोकालाच टेकते आणि त्याच्या खाचांमुळे त्याला आधाराची लांबीही कमी मिळते. अडचणीच्या जागी, जिथे पाना थोडाच फिरवता येतो, तिथे त्याचा फायदा आहे. घट्ट बसलेल्या बोल्टवर मात्र ते वापरू नये.

सॉकेटची रचना

ज्या यंत्रावर हा दोष कायमचा आहे, त्यासाठी एक सहा कोनी सॉकेट मुद्दाम घडवून घेणे परवडते, विशेषतः जागा अडचणीची असून बाजारातील सॉकेट तिथे नीट बसत नसेल तेव्हा. यातली कल्पना नवी नाही. अमेरिकेतील स्नॅप-ऑन कंपनीने १९६० च्या दशकात सॉकेटचे आतले कोपरे मोकळे ठेवून दाब डोक्याच्या सपाट बाजूवर नेणारी रचना रूढ केली, आणि आज चांगल्या प्रतीच्या बहुतेक सॉकेटांत तिचे काही ना काही रूप असते. लहान वर्कशॉपला ती पुढीलप्रमाणे साधता येते.

समजा १८ मिमीच्या डोक्यासाठी सॉकेट करायचे आहे. बाहेरचा व्यास २८ मिमी घ्यावा. मध्यापासून २० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांच्या दिशेला, २ मिमीची सहा छिद्रे पाडावीत, आणि त्यांच्यानंतरच मधले मोठे छिद्र करावे; क्रम उलटा केला तर बारीक ड्रिल आतल्या बाजूला पळते. मग बाजूंमध्ये १८.२५ मिमी अंतर राहील असा षट्कोन काढावा. या छिद्रांमुळे सॉकेटची सपाट बाजू कोपऱ्यापासून सुमारे १.१५ मिमी अलीकडेच संपते, म्हणजे डोक्याचे टोक मोकळ्या जागेत राहते आणि दाब त्याच्या आतल्या भागावर येतो. छिद्राची कड बारीक एमरीने किंचित गोल करावी, नाहीतर तीच डोक्यात रुतते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या रचनेच्या जाहिरातींत ती झाकली जाते. भुजा आखूड झाल्यामुळे ८० न्यूटन-मीटरला प्रत्येक जागी येणारा भार या सॉकेटमध्ये सुमारे ३३० किलो होतो, म्हणजे जवळजवळ सैल १९ च्या सॉकेटइतकाच. फायदा भार कमी होण्यात नाही, तो कुठे येतो यात आहे: इथे धातूला दोन्ही बाजूंनी आधार असतो, त्यामुळे टोक दुमडत नाही आणि मोकळीक वाढत जाण्याचे चक्र सुरूच होत नाही. किंमत सॉकेटला मोजावी लागते, कारण फाकवणारे बळही वाढते. म्हणून बाहेरचा व्यास २८ ठेवला, की छिद्राच्या मागे ३ मिमी भिंत उरते. जागेअभावी व्यास २६ करावा लागला तर भिंत २ मिमी उरेल. असे सॉकेट हाताच्या पान्यावर चालवावे, इम्पॅक्ट गनवर मुळीच नाही.

षट्कोन काढण्यासाठी अनेकांना पहिल्यांदा वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणे, सुचते, परंतु ते इथे उपयोगी पडत नाही. अर्धा इंची ड्राइव्हचा चौकोन १२.७ मिमीचा असतो आणि त्याचा कर्ण सुमारे १७.९६ मिमी भरतो. वायर आरपार जात असल्याने १८.२५ चा षट्कोन कापताना दुसऱ्या टोकाला चौकोनासाठी धातूच उरत नाही. त्यामुळे तांब्याच्या इलेक्ट्रोडने स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणे) करणाऱ्याकडे काम द्यावे. इलेक्ट्रोडलाच कोपऱ्यांचे गोल उंचवटे दिले, तर वरची सहा छिद्रे पाडण्याचीही गरज राहत नाही, आणि माझ्या मते दहा-पंधरा नग करायचे असल्यास तोच मार्ग स्वच्छ आहे. एक-दोन नगांसाठी एचसीएचसीआर या कठीण हत्यारी पोलादाचा षट्कोनी पंच हायड्रॉलिक प्रेसखाली टप्प्याटप्प्याने दाबला तरी चालते, मात्र तळाशी आधीच एक रुंद गळा काढून ठेवावा, म्हणजे कापलेला धातू तिथे सुटा होतो.

षट्कोनाची खोली १० मिमी पुरेशी आहे आणि त्याखाली, नटातून वर येणाऱ्या टोकासाठी, १४ मिमी व्यासाची मोकळी जागा ठेवावी. तोंडाची उतरती कड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी नको. तयार विकत घेतलेल्या सॉकेटमध्येही तोंड सरफेस ग्राइंडरवर, भरपूर पाणी सोडत, ही कड जवळजवळ जाईपर्यंत सपाट करून घेता येते. पातळ डोक्यांसाठी एवढी एकच दुरुस्ती अनेकदा पुरते. घासलेल्या जागी क्रोमचा थर जातो, म्हणून तेलाचा हात फिरवत राहावे.

धातू म्हणून ईएन २४ हे मिश्र पोलाद सहज मिळते. तेलात विझवून मग साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला टेंपरिंग (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवणे) केले, तर काठिण्य ४० ते ४४ रॉकवेल सीच्या (काठिण्याच्या मोजपट्टीच्या) आसपास येते. ८.८ प्रतीच्या बोल्टचे काठिण्य २२ ते ३२ असते, म्हणजे फरक पुरेसा आहे. "अजून कडक करून द्या" असे हीट ट्रीटमेंटवाल्याला सांगण्याचा मोह टाळावा, कारण फाकवणाऱ्या बळाखाली अतिकठीण सॉकेट फुलत नाही, चिरते. तसेच २५० ते ३७५ अंशांच्या पट्ट्यात टेंपरिंग करू नये. त्या पट्ट्यात हे पोलाद ठिसूळ होते.

सॉकेट बरोबर असूनही डोके जात असेल, तर

अशा वेळी खुणा बहुधा सोडवतानाच्याच निघतात. अन्नपदार्थांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत स्टेनलेसचे बोल्ट असतात, आणि त्यांचे आटे आवळतानाच एकमेकांना चिकटून बसण्याची शक्यता असते. त्यातून नेहमीच्या ए २-७० प्रतीच्या स्टेनलेस बोल्टची सहनशक्ती सुमारे ४५० मेगापास्कल, तर ८.८ प्रतीच्या बोल्टची ६४०. म्हणजे आटे अधिक धरतात आणि डोके कमी सोसते, अशी ती दुहेरी अडचण आहे. यासाठी अन्नकामास चालणारा अँटीसीझ (आटे चिकटू न देणारा) लेप आट्यांना लावावा, बोल्ट इम्पॅक्ट गनने न आवळता हाताने सावकाश आवळावा, आणि लेपामुळे घर्षण कमी झाल्याने आवळण्याचा पिळही त्या प्रमाणात कमी करावा, नाहीतर बोल्ट ताणला जातो. साध्या पोलादी बोल्टांवर वाफेने धुण्याच्या जागी गंज हेच कारण असते. तिथे झिंकचा थर असलेले बोल्ट आणि खालच्या वायसरची स्वच्छता यांनी पुष्कळ फरक पडतो.

पाइपाबद्दलही एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २५० मिमी लांबीच्या रॅचेटवर (एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी हँडलवर) ३० किलोचा जोर लावला, तर साधारण ७५ न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर ७५० मिमीच्या पाइपाच्या टोकाला लावला, तर २२० च्या वर जातात. एवढ्या पिळाला एम १२ च्या डोक्याआधी रॅचेटचे दात किंवा बोल्टची दांडी जाण्याची शक्यता अधिक. लांब भुजा लागतच असेल, तर रॅचेट काढून सरळ टॉमीचे हँडल घ्यावे.

नवे सॉकेट रुळल्यावर १८.५ मिमी जाडीची एक षट्कोनी किंवा दोन समांतर बाजूंची गेज करून औजारांच्या पेटीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती सॉकेटच्या तोंडात घालून पाहावी. गेज आत गेली, तर मोकळा फिरण्याचा कोन तीन अंशांच्या जवळ आलेला असतो. ते सॉकेट त्या यंत्रावरून काढून कमी जोराच्या कामाला द्यावे, आणि यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीत त्या जागेच्या बोल्टपुढे आट्यांच्या मापाबरोबर डोक्याचे मापही लिहून ठेवावे.